कमाल कार्यकालाचे गणित आणि डहाणूची भूमी

राइनहार्ड विल्हेल्म व त्यांचे चौदा सहकारी ह्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेले कमाल कार्यकालाचे समालोचन ह्या विषयाच्या अभ्यासकास आजही टाळता येत नाही. यंत्रात बसविलेल्या संगणकावरील एखादा प्रोग्राम अधिकात अधिक किती वेळ घेईल, हा त्यातील प्रश्न.

ग्रंथकारांनी आढळलेला कमाल काळ व सिद्ध केलेली वरची मर्यादा ह्यांत जो भेद केला आहे, तो मोलाचा होय. हजार चाचण्या घेतल्या तरी सर्वांत वाईट प्रसंग त्यांत येईलच असे नाही. कॅश स्मृतीत हवी ती माहिती सापडल्याने एखादे वेळी एकंदर काळ उलट वाढतो, हे लुंडक्विस्ट व स्टेनस्ट्रॉम ह्यांनी १९९९ सालीच दाखविले होते.

तथापि हे विवेचन अखंड चालणाऱ्या एकट्या कार्याचे आहे. मुदत बाहेरून मिळते असे त्यात गृहीत आहे. ही मर्यादा डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांत ठळकपणे जाणवते. नोव्हेंबर २०१८ पासून तेथे उथळ भूकंपांची मालिका सुरू झाली. आणि मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा नियोजित मार्ग तेथूनच जातो. २०२४ साली जाहीर झालेल्या योजनेत २८ भूकंपमापक असून त्यांपैकी २२ मार्गालगत आहेत. प्राथमिक लहर ओळखून वीज तोडावी व गाडीस आपोआप ब्रेक लागावा, ही त्यामागील कल्पना.

प्राथमिक लहरीचा वेग सेकंदास ६ व दुय्यम लहरीचा ३.५ किलोमीटर धरला, तर केंद्र ५० किलोमीटरवर असता दोहोंतील अंतर सुमारे ६ सेकंद पडते. १० किलोमीटरवर ते जेमतेम १.२ सेकंद उरते. लहर ओळखणे, संदेश पाठविणे, वीज तोडणे हे सारे त्यातच बसले पाहिजे. गणनेचा काळ शून्य मानला, तरी पायाखालच्या धक्क्यापूर्वी गाडी थांबणार नाही.

म्हणून गणित निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. दूरच्या भूकंपात वाचलेला प्रत्येक सेकंद वेग उतरविण्याच्या कामी येतो, आणि तेथे सिद्ध मर्यादेवाचून गत्यंतर नाही. परंतु ‘सिद्ध’ ह्या शब्दासोबत, कोणत्या अंतराच्या आत ही हमी संपते, हेही विश्लेषकाने लिहिले पाहिजे. ते न लिहिता दिलेली हमी गणिताने अचूक असूनही प्रवाशाची दिशाभूलच करील.