साक्ष, भाषा आणि न्याय : ‘मुराम्बी’च्या निमित्ताने

1994च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडात तुत्सींचा जो वंशसंहार झाला, त्यात आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या हत्याकांडाला विरोध करणारे अनेक हुतूही त्यात बळी पडले. चार वर्षांनी, 1998 साली, एका साहित्योत्सवाच्या पुढाकाराने आफ्रिकेतील काही लेखक त्या देशात जाऊन राहिले. सेनेगलचे बुबाकर बोरिस दिओप हे त्यांपैकी एक. त्यांची ‘मुराम्बी’ ही फ्रेंच कादंबरी 2000 साली प्रसिद्ध झाली. 1998च्याच सप्टेंबरात शेजारच्या टांझानियातील आरुशा येथे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने टाबा कम्यूनचे प्रमुख झां-पॉल अकायेसू यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्यासाठी कोणास दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. हे निकालपत्र आणि ही कादंबरी शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. घडलेले कोणी सांगायचे आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न दोहोंपुढे सारखाच होता.

निकालपत्राचा काही भाग तर साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. तुत्सींना उद्देशून वापरला जाणारा ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळ, हा शब्द कधी, कोणाविषयी आणि कोणत्या अर्थाने उच्चारला गेला, याची छाननी न्यायाधीशांनी भाषातज्ज्ञाच्या साहाय्याने केली. बलात्कारासाठी साक्षीदारांनी किन्यारवांडा भाषेतले चार वेगवेगळे शब्द वापरले होते. त्यांपैकी एकाचा शब्दशः अर्थ केवळ ‘एकत्र निजणे’ एवढाच. हा संकोच ओळखून न्यायालयाला अर्थ लावावा लागला. मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचारांचा समावेशच नव्हता. साक्षींच्या ओघात एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार सांगितला, पुढे आणखी साक्षी आल्या आणि 1997 साली आरोपपत्र दुरुस्त झाले. खंडपीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश नवनीतम पिल्ले या दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या. बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते, हे याच निकालाने प्रथम मान्य केले.

तरीही न्यायालयातली साक्ष ही तुटक असते. साक्षीदाराचे नाव सुरक्षेसाठी झाकले जाते आणि उरते एखादे अक्षर. विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलायचे, उलटतपासणीत तारीख आणि अंतर यांचा हिशेब द्यायचा. हा कायद्याचा दोष नव्हे. आरोपीलाही न्याय मिळायचा तर ही शिस्त हवीच. परंतु सांगणाऱ्याचे आयुष्य त्या चौकटीबाहेर राहते.

दिओप यांनी नेमकी ही बाहेर राहिलेली जागा घेतली. कादंबरीच्या चार भागांपैकी पहिल्या व तिसऱ्या भागात निरनिराळी माणसे प्रथमपुरुषी निवेदनातून बोलतात: बळी, मारेकरी, बंडखोरांची हेर जेसिका, फ्रेंच सेनाधिकारीही. उरलेल्या दोन भागांत जिबूतीहून परतलेल्या कॉर्नेलियसची कथा आहे. मुराम्बीच्या तांत्रिक विद्यालयात आश्रयाला आलेल्या हजारोंची कत्तल आपल्याच वडिलांनी, डॉ. कारेकेझींनी, घडवली आणि त्यात आपली आई व भावंडेही गेली, हे त्याला कळते. मारेकऱ्यांची निवेदने हा कादंबरीतला सर्वांत भेदक भाग. ती शांत आहेत, कार्यालयीन आहेत. कामाची आखणी करावी तशी. कॉर्नेलियस एक नाटक लिहू पाहत होता. हाडे पाहिल्यावर तो बेत सोडतो. हा प्रसंग दिओप यांनी अलंकरण टाळून लिहिला आहे, म्हणूनच तो टिकतो. त्या मानाने शेवटच्या भागात वृद्ध सिमेओनच्या तोंडी आलेले शहाणपण काही ठिकाणी लेखकाचेच वाटते.

आणखी एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. बंडखोर सैन्याच्या हातून झालेल्या हत्यांकडे कादंबरीची दृष्टी फारशी वळत नाही. आरुशाच्या न्यायाधिकरणानेही 93 जणांवर आरोप ठेवले, त्यांत त्या सैन्याचा एकही माणूस नव्हता. न्यायालयाच्या आणि कादंबरीच्या मौनाची कारणे भिन्न असतील; पण जी बाजू विजयी झाली तिच्याविषयी दोघेही गप्प आहेत, हे दोन्ही वाचल्यावर जाणवत राहते.

2003च्या डिसेंबरात याच न्यायाधिकरणाने द्वेष पसरवणाऱ्या नभोवाणीचे आणि नियतकालिकाचे सूत्रधार दोषी ठरवले. त्यांतील फर्दिनां नाहिमाना हे इतिहासाचे प्राध्यापक होते. अपिलात 2007 साली काही आरोप गळाले व शिक्षा कमी झाल्या, परंतु शब्दही गुन्ह्याचे साधन ठरतात हे मूळ सूत्र उरले. त्याच 2003 साली दिओप यांची ‘दोमी गोलो’ ही कादंबरी आली, ती फ्रेंचमध्ये नव्हे तर त्यांच्या मातृभाषेत, वोलोफमध्ये. रवांडातील अनुभवानेच आपल्याला मातृभाषेकडे वळवले असे त्यांनी सांगितले आहे. भारतीय वाचकाच्या हाती मात्र ‘मुराम्बी’ बहुधा 2006च्या इंग्रजी अनुवादातूनच येते. म्हणजे किन्यारवांडात सांगितलेले दुःख फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तेथून आपल्यापर्यंत, आणि या वाटेत ‘एकत्र निजणे’ यासारख्या शब्दांतला संकोच कुठे गळून पडतो याचा शोध अनुवादाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा घेतलेला दिसत नाही.