दंतकथा कोणाची? : ‘रॉबिन हूड’ मालिकेवरील प्रेक्षकमते आणि बंडखोराच्या कथेचे पुनर्कथन

पळस्प्याहून निघालेला जुना मुंबई-पुणे रस्ता चौक, खालापूर मागे टाकून खोपोलीच्या शिळफाट्यावर येतो आणि पुढे बोरघाट चढू लागतो. १० व ११ मे १८७९ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी आपल्या रामोशी साथीदारांसह कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज घेऊन घाटमाथ्याकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले व गोळीबारात ते मारले गेले. फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच पट्ट्यात, पनवेल तालुक्यात आहे. ज्या प्रदेशाच्या भूगोलातच बंडखोराची कथा मुरलेली आहे, तेथील महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकविताना शेरवूडच्या जंगलातील रॉबिन हूड येतो, तो सहसा बालकथेतील एक गमतीदार धनुर्धारी म्हणून. बीबीसीने २००६ ते २००९ या काळात सादर केलेल्या ‘रॉबिन हूड’ या मालिकेवर प्रेक्षकांनी जी मते व्यक्त केली, त्यांचा विचार केल्यास हा गमतीदारपणा फसवा असल्याचे ध्यानात येते.

डॉमिनिक मिंगेला व फॉझ ॲलन यांनी रचलेली ही मालिका ७ ऑक्टोबर २००६ रोजी शनिवार संध्याकाळच्या कौटुंबिक वेळेत सुरू झाली. तेरा भागांचे एक पर्व अशी तीन पर्वे, म्हणजे एकूण ३९ भाग झाले. जोनास आर्मस्ट्राँग रॉबिन झाला, ल्यूसी ग्रिफिथ्स मॅरियन, कीथ ॲलन नॉटिंगहॅमचा शेरीफ आणि रिचर्ड आर्मिटेज गाय ऑफ गिस्बर्न. चित्रीकरण इंग्लंडमध्ये नव्हे, तर हंगेरीत झाले. प्रक्षेपणापूर्वी तेथून मालिकेच्या मूळ फिती चोरीस गेल्या होत्या. लुटारूच्या कथेचीच लूट व्हावी, हा योगायोग कोणत्याही संहितालेखकास सुचला नसता.

प्रेक्षकांचे पहिले आक्षेप बाह्यांगावर होते. पोशाख आजच्या तरुणांच्या टोपीवाल्या सदऱ्यांसारखे, केस आजच्या वळणाचे, शेरीफचे विनोद विसाव्या शतकातील. धर्मयुद्धातून परतलेला आणि युद्धाला विटलेला रॉबिन पाहताना इराकची आठवण यावी, अशी योजनाही उघड होती. या सर्वांवर ‘हा खरा रॉबिन हूड नव्हे’ असा शेरा मारला गेला. समीक्षेच्या दृष्टीने हा शेरा महत्त्वाचा आहे. त्यात ‘खरा’ हे विशेषण कशाच्या आधारे वापरले आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रॉबिन हूडची मूळ संहिता अशी नाहीच. त्याच्या गाण्यांचा पहिला साहित्यिक उल्लेख चौदाव्या शतकात, सुमारे १३७७ च्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात येतो, आणि तोही एका आळशी पात्राच्या तोंडी. सोळाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या ‘गेस्ट’ या दीर्घ पोवाडावजा काव्यात रॉबिन सरदार नाही, साधा स्वतंत्र शेतकरी वर्गातला आहे. तेथे राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसविले ते जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने, १५२१ मध्ये. त्याला हंटिंग्डनचा उमराव केले ते अँथनी मंडे या नाटककाराने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मॅरियन तर आरंभीच्या इंग्रजी गीतांत नाहीच. ती वसंतोत्सवाच्या खेळांतून, फ्रेंच गोपगीतांच्या वाटेने या कथेत शिरली. म्हणजे आज प्रेक्षक ज्याला ‘मूळ’ समजतो, ती वेगवेगळ्या शतकांतील भर आहे. प्रत्येक भर तिच्या काळी नवीच होती.

सारसेन, म्हणजे मुस्लिम साथीदाराच्या पात्राबाबत ही प्रक्रिया डोळ्यांसमोर घडलेली दिसते. १९८४ ते १९८६ या काळातील ‘रॉबिन ऑफ शेरवूड’ मालिकेत नासिर हे पात्र पहिल्याच कथेत मारले जाणार होते. मार्क रायन या नटाच्या कामामुळे ते टिकले. १९९१ च्या चित्रपटात मॉर्गन फ्रीमन यांचा अझीम आला. २००६ मध्ये बीबीसीने जॅक नावाची सारसेन स्त्री पुरुषवेशात आणली व ती भूमिका भारतीय वंशाच्या अंजली जय यांना दिली. तोवर अवघी बावीस वर्षे झाली होती. तरी रॉबिनच्या टोळीत एक सारसेन असावा, ही अपेक्षा परंपरेचा भाग होऊन बसली होती. ‘आधुनिक सोयीसाठी घुसडलेले पात्र’ असे जॅकला म्हणणारा प्रेक्षक मॅरियनला कधी तसे म्हणत नाही. फरक इतकाच की मॅरियन काही शतके आधी घुसडली गेली.

असे असले, तरी प्रेक्षकांची मते अज्ञानातून आलेली म्हणून बाजूस सारणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, २९ डिसेंबर २००७ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात, गिस्बर्न पवित्र भूमीत मॅरियनला तलवारीने भोसकतो. यावर उठलेला संताप पोशाखांवरील कुरकुरीपेक्षा वेगळ्या जातीचा होता. दोन पर्वे गढीत राहून गुपचूप गरिबांना मदत करणारी, वेळी मुखवटा घालून रात्री बाहेर पडणारी मॅरियन ही रॉबिनची केवळ प्रेयसी नव्हती. जंगलाबाहेर राहूनही अन्यायाविरुद्ध उभे राहता येते, याचा ती पुरावा होती. एका पुरुषाच्या मत्सरापायी तिला संपविले, तेव्हा कथेचा नैतिक करारच मोडला, असे प्रेक्षकांना वाटले. हे मत रास्त आहे. तिसऱ्या पर्वात केट, इझाबेला, टक अशी नवी पात्रे आली, पण रिकामी जागा भरली नाही आणि प्रेक्षकसंख्या घटत गेली.

उलट, मालिकेच्या अखेरीस विषाने रॉबिन मरतो, त्याला तेवढा विरोध झाला नाही. स्त्रीच्या विश्वासघाताने होणारा रॉबिनचा मृत्यू जुन्या काव्यातही आहे. तेथे कर्कलीजची मठाधिकारिणी त्याचे रक्त वाहू देते. आधार ठाऊक नसतानाही प्रेक्षकाने ही घटना स्वीकारली, आणि आधार ठाऊक नसतानाच मॅरियनचा मृत्यू नाकारला. प्रेक्षक जपतो ती तपशिलाची नव्हे, तर न्यायाच्या वाटणीची परंपरा. गिस्बर्नबाबत मात्र ही वाटणी त्यानेच ढिली केली. आर्मिटेज यांच्या अभिनयामुळे खलनायक अनेकांना नायकाहून जवळचा वाटू लागला आणि लेखकांनी तिसऱ्या पर्वात त्याला पश्चात्तापाचा मार्ग दिला. मॅरियनच्या मारेकऱ्याला दिलेली ही सवलत मालिकेची सर्वांत मोठी दुर्बलता होय.

एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ च्या ‘बँडिट्स’ या ग्रंथात उदात्त लुटारूची जी लक्षणे दिली, त्यांत एक लक्षण असे की तो राजाचा शत्रू नसतो. स्थानिक जुलमी अधिकाऱ्यांचा असतो. रॉबिनच्या साऱ्या कथा या लक्षणावर उभ्या आहेत. राजा दूर आहे, पण न्यायी आहे. तो परतला की सारे ठीक होईल. इंग्लिश कुटुंबाने शनिवारी संध्याकाळी मुलांसह लुटारूची कथा निर्धास्तपणे पाहावी, ही सोय या एका गृहीतकाने केली आहे. दौलतराव नाईक यांच्या कथेत असा परतणारा राजा नाही. १८३२ च्या ३ फेब्रुवारीला पुण्यात फाशी दिलेल्या उमाजी नाईक यांच्या कथेतही नाही. तेथे राज्यच परके आहे. म्हणून या कथा रॉबिनच्या साच्यात बसविण्याचा मोह सोपा असला, तरी साचा निम्म्यावर तुटतो.

दुसरा भेद अधिक बोचरा आहे. रॉबिनच्या शत्रूने लिहिलेले त्याचे चरित्र उपलब्ध नाही. उमाजींची माहिती मात्र मोठ्या प्रमाणात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८३३ मधील रामोशी जमातीवरील ग्रंथातून येते. बंडखोरासोबत त्याची संपूर्ण जमातही या लेखनाच्या चौकटीत बसविली गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच दृष्टिकोन कायद्याच्या भाषेत आणला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात रामोशी समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. शेरवूडचा लुटारू हे इंग्लिश मुलाचे खेळणे होऊ शकते, कारण त्या शब्दाचा डाग कोणाच्या दाखल्यावर उरलेला नाही. येथे तो उरला आहे. ऐतिहासिक मालिकांवर मराठी प्रेक्षक ‘पुरावा दाखवा’ म्हणतो, तेव्हा त्याची अनेकदा अतिसंवेदनशील म्हणून थट्टा होते. बंडखोराच्या कथेबाबत तरी ही थट्टा अप्रस्तुत आहे. ज्यांचा पुरावा प्रतिपक्षानेच लिहून ठेवला, त्यांच्या वंशजांचे मत हे इतर प्रेक्षकांच्या आवडीनिवडीपेक्षा वेगळ्या तोलाचे असते.

शिळफाट्यापासून फार दूर नसलेल्या, चौक-कर्जत परिसरातील एन. डी. स्टुडिओत नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००८ ची ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका उभी केली. गड, दरबार, बुरूज उभारण्याची कला या मातीत नवी नाही. दौलतरावांच्या कथेला बुरूज फारसे लागणार नाहीत. लागेल ते मराठी सर्वनाम. इंग्रजी संवादलेखकाला शेरीफच्या तोंडी रॉबिनसाठी एकच ‘यू’ पुरतो. मराठी लेखकाला पहिल्याच प्रवेशात ठरवावे लागते की पाटील, सावकार, फौजदार आणि निवेदक या रामोशी नाईकाला ‘तो’ म्हणतील की ‘ते’. मराठीतील जुन्या इतिहासलेखनात फडके यांना बहुधा आदरार्थी बहुवचन मिळते आणि त्यांच्याचसाठी मेलेल्या रामोशांना एकवचन. सावकाराच्या तोंडी एकवचन शोभेल, ते पात्राचे सत्य असेल. निवेदकाच्या आवाजात ते आले, तर खालापूर-पनवेलच्या घरांतून जो आक्षेप उठेल, तो पोशाखाविषयी नसेल.