‘एनडी’ म्हणजे शून्य नव्हे : वेबकॅम परफॉर्मरचे कर-फॉर्म आणि ‘उत्पन्न’ नावाचा आकडा

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला एक असाइनमेंट होती : आपल्या विषयाबाहेरचा एखादा डेटास्रोत घ्या आणि त्याची चिकित्सा करा. मी रसायनशास्त्राची. द्राक्षांत राहिलेले कीटकनाशकांचे अंश मोजणं हे माझं रोजचं काम. मी निवडल्या अमेरिकेतल्या करनोंदी, आणि उदाहरण म्हणून घेतले तिथले स्वयंरोजगारी वेबकॅम परफॉर्मर. म्हणजे घरातून कॅमेऱ्यासमोर, पैसे देणाऱ्या प्रेक्षकांसाठी लाइव्ह कार्यक्रम करणारे लोक. कार्यक्रम बहुतेक वेळा प्रौढांसाठीचा असतो. तिथे हे काम सज्ञान माणसाला कायद्याने करता येतं आणि त्यावर कर भरावाच लागतो.

हेच उदाहरण का? कारण मला ते सोपं वाटलं. पैसे प्लॅटफॉर्मवरून येतात, म्हणजे प्रत्येक डॉलरची कुठेतरी नोंद असणारच. माझ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘सर्वेक्षणात माणूस विसरतो, लाजतो, फुगवून सांगतो. करनोंद तसं करत नाही.’

समाजशास्त्राच्या एका सीनियर ताईंनी हात वर केला. “ज्या परफॉर्मरच्या नावाने फॉर्मच निघाला नाही, तिचं उत्पन्न तू काय धरलंस?”

“शून्य,” मी म्हणाले.

मागून माझे गाइड हसले. “आणि रिपोर्टमधल्या ‘एनडी’च्या जागी शून्य टाकणाऱ्या ज्युनियरला ओरडतं कोण?”

विज्ञानशाखेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नमुन्यात एखादा पदार्थ यंत्राला सापडला नाही, तर आम्ही ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे एनडी लिहितो. त्याचा अर्थ ‘पदार्थ नाही’ असा होत नाही. ‘असला तर या यंत्राच्या शोधसीमेच्या खाली आहे’ एवढाच होतो. ही चूक मी द्राक्षांच्या बाबतीत कधीच केली नसती. माणसांच्या बाबतीत मात्र पाच सेकंदांत केली. हा लेख त्या स्लाइडची दुरुस्ती आहे.

यंत्राची शोधसीमा

अमेरिकेत परफॉर्मर सहसा प्लॅटफॉर्मची कर्मचारी नसते, ती स्वतंत्र कंत्राटदार असते. सुरुवातीला ती फॉर्म डब्ल्यू-९ भरून आपलं खरं नाव आणि करक्रमांक देते. वर्ष संपल्यावर प्लॅटफॉर्म फॉर्म १०९९-एनईसी काढतो. त्यात ‘या व्यक्तीला आम्ही इतके पैसे दिले’ एवढंच असतं. एक प्रत तिला जाते आणि एक आयआरएसला, म्हणजे तिथल्या आयकर खात्याला.

पण हा फॉर्म सगळ्यांसाठी निघत नाही. २०२५ पर्यंतच्या रकमांसाठी मर्यादा वर्षाला ६०० डॉलर होती. २०२६ पासून ती २,००० डॉलर झाली आहे. दुसरीकडे, स्वयंरोजगारातून निव्वळ ४०० डॉलर मिळाले की स्वयंरोजगार कर लागू होतो. म्हणजे कर सुरू होतो ४०० ला, आणि नोंद सुरू होते २,००० ला. मधल्या पट्टीतला पैसा करपात्र आहे, पण त्याचा फॉर्म नाही. प्लॅटफॉर्म परदेशी असेल आणि त्याने फॉर्म काढलाच नाही, तर मोठी रक्कमही याच अंधारात जाते. ती दाखवण्याची जबाबदारी पूर्णपणे परफॉर्मरवर.

दुसरा फॉर्म आहे १०९९-के. पेमेंट कंपन्यांमार्फत आलेल्या रकमा त्यात येतात. त्याच्या मर्यादेची कथा संशोधकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. आधी ती २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी होती. २०२१ च्या कायद्याने ती ६०० वर आणली. अंमलबजावणी वर्षामागून वर्ष पुढे ढकलली गेली. २०२४ साठी ५,००० हा मधला टप्पा ठरला. आणि २०२५ च्या कायद्याने पुन्हा जुनीच २०,००० आणि २०० ची मर्यादा आणली. आता कुणी या फॉर्मांच्या संख्येचा आलेख काढून ‘ऑनलाइन काम करणारे वाढले’ किंवा ‘घटले’ म्हणालं, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा : माणसं बदलली, की यंत्राचं सेटिंग?

एक बाई, पाच उत्पन्नं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, रीत खरी आहे.

एका परफॉर्मरसाठी मुख्य साइटवर प्रेक्षकांनी वर्षभरात ४०,००० डॉलर खर्च केले. साइटने निम्मे ठेवले, तिला २०,००० मिळाले. दुसऱ्या, परदेशी साइटकडून ६,००० आले, त्यांचा फॉर्म नाही. व्हिडिओ विकून पेमेंट कंपनीमार्फत ३,००० आले. तेही मर्यादेखाली, म्हणून फॉर्म नाही. कॅमेरा, दिवे, इंटरनेट, पोशाख, पेमेंट कंपनीचं शुल्क असा खर्च ७,०००.

आता सांगा, तिचं उत्पन्न किती?

– मुख्य साइट जाहिरातीत सांगेल : प्रेक्षक आमच्या परफॉर्मरवर ४०,००० खर्च करतात.
– आयआरएसकडे बाहेरून पोचलेला आकडा : २०,०००.
– तिने प्रामाणिकपणे भरलेल्या शेड्यूल सी या फॉर्मवरची एकूण जमा : २९,०००.
– त्याच फॉर्मच्या शेवटी निव्वळ नफा : २२,०००.
– स्वयंरोजगार कर वजा केल्यावर : सुमारे १८,८९०. हा कर निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के दराने लागतो, म्हणजे इथे साधारण ३,१०८ डॉलर. नोकरदाराच्या बाबतीत यातला अर्धा वाटा मालक भरतो. इथे मालकही तीच. साधा आयकर अजून बाकीच आहे.

पाचही आकडे खरे आहेत, आणि पाचांपैकी कोणालाही ‘उत्पन्न’ म्हणता येतं. १०९९-के निघालाच असता, तर त्यात शुल्क आणि परतावे वजा न करता पूर्ण रक्कम आली असती. उलट १०९९-एनईसीमध्ये आला तो साइटचा वाटा आधीच कापलेला आकडा. दोन्ही फॉर्मांची बेरीज करणं म्हणजे एका द्राक्षाचं वजन देठासकट आणि दुसऱ्याचं देठाशिवाय घेऊन सरासरी काढणं.

आणि एक गोष्ट या पाचांतही नाही : तास. कॅमेरा चालू आहे पण कोणी पैसे देत नाही, ते तास. तयारीचे, मेसेजना उत्तरं देण्याचे, साहित्य आवरण्याचे तास. कर-फॉर्म ते विचारतच नाही, कारण कर तासांवर लागत नाही. त्यामुळे ‘ताशी इतके डॉलर’ असा दावा दिसला, तर तो निदान कर-फॉर्मातून आलेला नाही हे पक्कं समजा. अंश आहे, छेद नाही.

ओळखायचं कसं?

शेड्यूल सी वर सुरुवातीलाच व्यवसायाचं वर्णन आणि सहा अंकी कोड लिहावा लागतो. वेबकॅम परफॉर्मरसाठी वेगळा कोड नाही. ७११५१० हा स्वतंत्र कलावंत, लेखक आणि सादरकर्त्यांचा कोड बसू शकतो. ८१२९९० हा ‘इतर वैयक्तिक सेवा’चा कोडही कोणी लिहील. शब्दांत कोणी ‘एंटरटेनर’ लिहील, कोणी ‘ऑनलाइन कंटेंट’. तेही स्वाभाविक आहे, कारण हा कागद पुढे घरमालक, बँक, हिशेबनीस अशा अनेकांच्या हातांत जातो. पैसे देणाऱ्या कंपनीचं नावही पुष्कळदा साइटच्या नावापेक्षा वेगळं असतं.

कामाची अब्रू जपायला लिहिलेला शब्द डेटामध्ये वर्गीकरण होऊन बसतो. तबलजी आणि कॅम परफॉर्मर एकाच कोडखाली येतात. मग ‘करनोंदींनुसार कॅम परफॉर्मरचं सरासरी उत्पन्न’ हे वाक्य लिहायचं, तर आधी तो गट वेगळा कसा काढला हे सांगावं लागेल. नुसत्या कोडवरून ते जमणार नाही.

वजाबाकीमागची मतं

निव्वळ नफा ही शुद्ध वजाबाकी वाटते, पण कोणता खर्च वजा करायचा हा प्रत्येक वेळी निवाडा असतो. रोजच्या वापरात घालता येईल असा पोशाख धंद्याचा खर्च धरत नाहीत. घरातली जागा नियमितपणे आणि फक्त धंद्यासाठीच वापरली जात असेल तरच तिची वजावट मिळते. सोप्या पद्धतीत चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट. ज्या खोलीत काम, त्याच खोलीत झोप असेल तर? एका खोलीच्या घरात राहणारीला ‘फक्त धंद्यासाठी’ ही अट परवडत नाही. मोठं घर असणारी वजावट घेते. दोघींचं काम तेच, मिळालेले पैसे तेवढेच, पण कागदावर नफा वेगळा.

शरीर हे साधन धरायचं का, यावरही निवाडा झाला आहे. १९९४ च्या हेस खटल्यात अमेरिकेच्या कर न्यायालयाने एका नर्तकीच्या स्तनरोपणाचा खर्च रंगमंचावरच्या साहित्यासारखा मानला आणि त्यावर घसारा मंजूर केला. छोट्या रकमांच्या प्रक्रियेतला हा निकाल, त्यामुळे तो पुढच्या खटल्यांना दाखला म्हणून चालत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला फार वजन नाही. पण ‘निव्वळ’ या शब्दात किती निर्णय दडलेले असतात ते यातून दिसतं.

आकडा कोण वाकवतं?

इथपर्यंत प्रामाणिक माणूस गृहीत धरला. आता बाकीचं. आयआरएसच्या २०१४ ते २०१६ या करवर्षांच्या अंदाजात, पगारातून कर कापला जातो तिथे न दाखवलेला भाग सुमारे १ टक्का होता. जिथे बाहेरून कोणी माहिती देत नाही, किंवा अगदी थोडी देतं, तिथे तो ५५ टक्के. डेन्मार्कमध्ये क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी ४०,००० हून अधिक करदात्यांवर केलेल्या, २०११ मध्ये छापलेल्या प्रयोगातही हेच दिसलं : तिसऱ्याने कळवलेल्या उत्पन्नात चोरी जवळपास नाही, स्वतः सांगितलेल्या उत्पन्नात बरीच. म्हणजे पगारदार जात्याच सज्जन असतात असं नव्हे. त्यांना लपवायला जागाच नसते.

आणि आकडा फक्त खालीच वाकतो असंही नाही. एमॅन्युएल साएझ यांनी २०१० च्या शोधनिबंधात दाखवलं की कमी उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांना मिळणारी करसवलत जिथे कमाल होते, नेमक्या त्या उत्पन्नावर स्वयंरोजगाऱ्यांची गर्दी दिसते. पगारदारांमध्ये ती दिसत नाही. प्रयोगशाळेत असा टोकदार पीक आला, तर आधी यंत्र तपासा म्हणतो आपण. गॅरिन, जॅक्सन आणि कौस्तास यांनी २०२२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. करनोंदींत २००० नंतर वाढलेला स्वयंरोजगार बऱ्याच अंशी प्रत्यक्ष कामाची वाढ नसून सवलतींमुळे बदललेली नोंदवण्याची पद्धत आहे, असं त्यांनी मांडलं. माझ्या स्लाइडवरचं ‘करनोंद तसं करत नाही’ हे वाक्य मी इथे खोडलं.

तरीही करनोंदी टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. त्या लाखोंच्या संख्येने असतात, वर्षानुवर्षं असतात, आणि खोटं लिहिल्यास शिक्षा असते. शिवाय वरच्या दोन्ही शोधनिबंधांनी यंत्राचा दोष यंत्राच्याच डेटातून पकडला. फक्त ही नोंद कर वसूल करण्यासाठी केलेली असते, उत्पन्न समजून घेण्यासाठी नाही.

आकड्याचे दोन वाचक

हा नुसता पद्धतीचा वाद नाही. उदाहरणातली बाई घरासाठी कर्ज मागायला गेली, तर बँक सहसा मागची दोन वर्षांची कर-विवरणं पाहते, आणि बघते निव्वळ नफा. आयआरएससमोर जो आकडा लहान असणं सोयीचं, तोच बँकेसमोर मोठा असायला हवा. पगारदाराला पगारपत्रक असतं. हिच्याकडे साइटचे पेआउट आणि बँकेचं स्टेटमेंट. खातं बंद झालं आणि आधी डाउनलोड केलं नसेल, तर अर्धा पुरावा गेला. परदेशी साइटचे ते ६,००० तिने दाखवले नाहीत, तर कर वाचेल, पण पुढे म्हातारपणी मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या हिशेबातही ते धरले जाणार नाहीत. यंत्राला जे दिसलं नाही, ते तिच्या आयुष्यातूनही वजा होतं.

आणि आपल्याकडे?

सेमिनारनंतर हा प्रश्न आलाच. भारतातून अमेरिकी साइटवर काम करणारी व्यक्ती डब्ल्यू-९ ऐवजी डब्ल्यू-८बेन भरते आणि आपण परदेशी असल्याचं कळवते. भारतात राहणाऱ्याचं हे उत्पन्न इथे करपात्र आहे. पण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ अश्लील आणि लैंगिक मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करण्याला गुन्हा ठरवतात. ६७अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा ठिकाणी व्यवसायाच्या रकान्यात खरं कोण लिहील? तेव्हा आपल्या नोंदींत असे लोक दिसत नाहीत यावरून ते नाहीत असा निष्कर्ष काढू नका. आणि शोधायला निघालातच, तर तुमच्या एक्सेल फाइलमुळे कोणी ओळखलं जाणार नाही ना, हे नमुना गोळा करण्याआधी ठरवा. नंतर ठरवून उपयोग नसतो.

तुमच्यापैकी अनेक जण आत्ता प्रपोजल लिहीत असाल. ‘डेटास्रोत’ या रकान्यात नाव लिहिण्याआधी चार प्रश्न कागदावर उतरवा. ही नोंद कोणी, कशासाठी केली? तिची शोधसीमा किती, आणि ती मधेच बदलली का? मला हवी ती राशी ही मोजते, की तिची शेजारीण? आणि नोंद करणाऱ्याला आकडा कोणत्या बाजूला वाकवायची सोय आहे?

माझी असाइनमेंट परत लिहून दिली. तक्त्यात जिथे शून्य होतं, तिथे आता ‘एनडी’ आहे, आणि खाली शोधसीमा लिहिली आहे : २,००० डॉलर. ताईंनी ती वाचली आणि एवढंच म्हणाल्या, “आता हिच्याशी बोलून बघ म्हटलं तर बोलशील.”