बॅटरी किती वेळ पुरेल? : एका अपघात-अहवालाचे वाचन

विज्ञानशिक्षकांनी वाचावा असा एखादा सरकारी अहवाल सुचवा, असे कोणी म्हटले तर आम्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा १९८५ चा एक अहवाल पुढे करू. विषय आहे ११ ऑक्टोबर १९८३ रोजी झालेला 'एअर इलिनॉय'च्या विमानाचा अपघात. विमान दोन इंजिनांचे, 'हॉकर सिडले ७४८' जातीचे. हीच जात कानपूरलाही बांधली गेली. आपण तिला 'अ‍ॅव्हरो' म्हणून ओळखतो.

घटना थोडक्यात अशी. स्प्रिंगफील्डहून रात्री उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात डावे जनित्र बंद पडले. सहवैमानिकाने चुकून चांगले असलेले उजवे जनित्रच मंडलातून तोडले आणि ते पुन्हा जोडले गेले नाही. आता सारी भिस्त बॅटरीवर होती. तरीही कप्तानाने मागे न फिरता कार्बनडेलकडचा सुमारे ४० मिनिटांचा प्रवास चालू ठेवला. अर्ध्या तासाच्या सुमारास बॅटरी संपली. अशा विमानाची इंजिने एकदा सुरू झाली की बॅटरीवाचून चालतात. पण अंधारात विमानाचा तोल दाखवणारी उपकरणे गेली. विमानातील दहाही जण मृत्युमुखी पडले.

अहवालाचा मोठा गुण म्हणजे तो माणसाच्या चुकीपाशी थांबत नाही. बॅटरी किती टिकेल याचा अंदाज कप्तानाला का करता आला नाही, असे तो विचारतो आणि कंपनीच्या अपुऱ्या प्रशिक्षणापर्यंत पोचतो. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे. कप्तानाचा निर्णय हे 'कारण' आणि प्रशिक्षण हे केवळ 'साहाय्यक कारण', अशी त्याची मांडणी आहे. आम्ही शिक्षक असल्यामुळे असेल, पण आम्हाला हा क्रम उलटा हवा होता. जे शिकवलेच नाही, ते त्या अर्ध्या तासात सुचणार कसे?

आपल्या वर्गात तरी काय घडते? ४० अँपिअर-तासांची बॅटरी २० अँपिअर प्रवाह किती वेळ देईल? "दोन तास" असे उत्तर येते आणि आपण पूर्ण गुण देतो. प्रवाह ८० अँपिअर असेल तर कागदावर अर्धा तास उरतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण जास्त प्रवाह, थंडी आणि बॅटरीचे वय यांनी क्षमता घटते. म्हणून पुढचा प्रश्नही विचारायला हवा : यातले कोणते दिवे, कोणती यंत्रे तुम्ही आधी बंद कराल? आणि किती लवकर?

पहिला प्रश्न गणिताचा आहे. दुसरा जीव वाचवणारा आहे.