तेरावी फेरी

जुन्या आणि नव्या बॉक्सरांत श्रेष्ठ कोण, हा वाद संगणकाने मिटवायचा एक जुना प्रयत्न म्हणजे 'द सुपर फाइट' हा चित्रपट. २० जानेवारी १९७० रोजी, फक्त एका रात्रीसाठी, तो अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत दाखवला गेला. एकीकडे १९५६ साली निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो, ४९ लढती आणि ४९ विजय. समोर महंमद अली, तोही तोवर अपराजित. निर्माता मरे वोरोनरने जुन्या लढतींच्या नोंदी आणि जाणकारांची मतं एनसीआर ३१५ या संगणकाला पुरवली, दोघांना मायामीच्या स्टुडिओत उभं करून एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या चित्रित केल्या, शेवटही अनेक घेऊन ठेवले. संगणक सांगेल तसे तुकडे जोडायचे.

अमेरिकेत मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत लोळवलं. युरोपातल्या आवृत्तीत अली जिंकला. प्रोग्रॅम एकच, देश बदलला की उत्तर वेगळं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बग म्हणतो, किंवा 'क्लायंटची रिक्वायरमेंट'.

पण लबाडी म्हणून हा सिनेमा निकालात काढता येत नाही, कारण ती तेरावी फेरी. २३ सप्टेंबर १९५२ रोजी मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद हिसकावलं तेही तेराव्याच फेरीत, उजव्या हाताच्या एका आखूड ठोशाने. तोवर तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. म्हणजे यंत्राने भाकीत केलंच नाही, मार्सियानोचा भूतकाळ अलीवर पुन्हा चालवला. आणि आज तेरावी फेरीच नाही. १९८२ साली रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर कोरियन बॉक्सर किम दुक-कू मरण पावला आणि विजेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. समोरच्याच्या दंडांवर, बरगड्यांवर तासभर घण घालून त्याला शेवटी पाडणं ही मार्सियानोची रीत. ती पंधरा फेऱ्यांच्या हिशेबानेच घडली. त्याला उचलून बारा फेऱ्यांत ठेवलं तर तो मार्सियानो उरतो का?

वजनाचंही तेच. जेमतेम ८५ किलोचा हा हेवीवेट आज एक गट खाली, क्रूझरवेटमध्ये सहज बसेल. म्हणून नवे भारी, असं कोणी म्हणू नये. २०२४ मध्ये शंभरेक किलोच्या उसिकने त्याच्याहून बराच जड आणि उंच टायसन फ्युरी हरवलाच.

मला अधिक छळतो तो वोरोनरचाच आधीचा उद्योग. त्याच्या रेडिओवरच्या संगणकी स्पर्धेत अली जिम जेफ्रीजकडून हरला, आणि चिडून त्याने वोरोनरवर दावा लावला. जेफ्रीज म्हणजे विजेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीरांना विजेतेपदाची संधीच न देणारा माणूस. पुढे १९१० मध्ये गोऱ्यांच्या आग्रहाने निवृत्तीतून परतला आणि जॅक जॉन्सनकडून हरला. ज्यांच्याशी तो लढलाच नाही, ते त्याच्या आकडेवारीत कुठल्या रकान्यात भरायचे? जुन्या विक्रमांची तुलना करताना हा रिकामा रकाना कोणी दाखवत नाही, आणि संगणकाला तर तो दिसतही नाही.

अलीचा रकाना तर तेव्हा चालू काळातच रिकामा होत होता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे १९६७ पासून त्याचं विजेतेपद आणि परवाना दोन्ही गेलेले. ऐन सत्ताविशीत, म्हणजे माझ्याच वयात, त्याला उभं राहायला मिळालेलं रिंगण हेच, नकली रक्ताचं. त्या रात्री अमेरिकी प्रेक्षक बघायला आले ते त्याला पडताना, एका गोऱ्या अपराजित विजेत्याच्या हातून. काळाकाळांतली तुलना हे निमित्त.

तरीही हा सिनेमा बघा, निकालासाठी नाही. पंचेचाळिशीचा मार्सियानो वजन उतरवून, डोक्यावर केसांचा टोप चढवून, अलीच्या लांब डाव्या हाताखालून वाकून आत शिरतो, आणि मधूनच दोघं नाटक विसरल्यासारखे दिसतात. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान अपघातात गेला. पडद्यावर आपण जिंकलो हे त्याने पाहिलंच नाही.