मोजपट्टीचा दोष की वाटणीचा प्रश्न? : एरिक ब्रिन्योल्फसन यांच्या अर्थविचाराची समीक्षा

प्रस्तावना

संगणक आणि अर्थव्यवस्था यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास ही आज अर्थशास्त्राची एक प्रतिष्ठित शाखा मानली जाते. चार दशकांपूर्वी अशी स्थिती नव्हती. संगणक हा अभियंत्यांचा विषय होता आणि बहुतेक अर्थशास्त्रज्ञांच्या लेखी तो यंत्रसामग्रीच्या यादीतील आणखी एक वस्तू होता. ही स्थिती पालटण्यात ज्या मोजक्या अभ्यासकांचा वाटा आहे, त्यांत एरिक ब्रिन्योल्फसन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ब्रिन्योल्फसन यांचा जन्म १९६२ मध्ये डेन्मार्कमधील रोस्किल्ड येथे झाला. वडील आरी ब्रिन्योल्फसन हे मूळचे आइसलँडचे भौतिकशास्त्रज्ञ. कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले तेव्हा एरिक लहान होते. हार्वर्ड विद्यापीठात उपयोजित गणिताचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथून डॉक्टरेट मिळविली, तेथेच सुमारे तीन दशके अध्यापन केले आणि २०२० मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील डिजिटल इकॉनॉमी लॅबचे संचालक झाले. स्थलांतरिताच्या चरित्रात वाचकाला जो संघर्ष अपेक्षित असतो, तो येथे फारसा नाही. वैज्ञानिकाचे कुटुंब एका प्रगत देशातून दुसऱ्या प्रगत देशात गेले, इतकेच. तथापि, स्थलांतराचा प्रश्न त्यांच्या लेखनात वेगळ्या वाटेने शिरतो. त्याचा विचार पुढे यथास्थळी केला आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांच्या ग्रंथांचा परिचय करून देण्याचा नाही. १९९३ मध्ये त्यांनी एका कोड्याची चार संभाव्य उत्तरे मांडली होती. त्यांपैकी कोणती उत्तरे त्यांनी आयुष्यभर जोपासली आणि कोणते दीर्घकाळ अडगळीत राहिले, याचा शोध येथे घेतला आहे.

चार स्पष्टीकरणे

संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही, अशा आशयाचा शेरा रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये मारला होता. अमेरिकन उद्योगांनी संगणकांवर प्रचंड खर्च करूनही श्रम-उत्पादकतेची वाढ १९७३ नंतर मंदावलेलीच होती. या विरोधाभासाचा पद्धतशीर परामर्श ब्रिन्योल्फसन यांनी डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात घेतला. त्यांनी दिलेली चार स्पष्टीकरणे अशी : मोजमापात चूक असावी, लाभ मिळण्यास विलंब लागत असावा, संगणकामुळे एकूण संपत्ती न वाढता ती केवळ एकाकडून दुसऱ्याकडे जात असावी, किंवा व्यवस्थापकांनी गुंतवणूकच चुकीची केली असावी. इतक्या थोडक्या शब्दांत प्रश्नाचा पूर्ण पट मांडणारा हा लेख आजही वाचनीय आहे. पुढील तीन दशकांतील वादाचे सर्व धागे त्यात सापडतात.

यांतील चौथे स्पष्टीकरण त्यांनी स्वतःच लवकर निकालात काढले. लॉरिन हिट यांच्यासमवेत ३६७ मोठ्या कंपन्यांच्या १९८७ ते १९९१ या काळातील माहितीचा अभ्यास करून त्यांनी १९९६ मध्ये असा निष्कर्ष काढला की, संगणक-भांडवलावरील स्थूल सीमांत प्रतिफळ ८१ टक्के होते. संपूर्ण देशाच्या आकडेवारीत जे दिसत नव्हते ते कंपनीच्या पातळीवर उतरल्यावर दिसले, हे या संशोधनाचे पद्धतिशास्त्रीय यश होय. मात्र या यशातूनच एक अडचण उभी राहिली. प्रतिफळ इतके भरघोस असेल, तर कंपन्या आणखी संगणक का घेत नाहीत? यावरचे ब्रिन्योल्फसन यांचे उत्तर त्यांच्या समग्र विचाराचा कणा ठरले. संगणक हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग आहे. त्याच्यामागे कामाची फेररचना, प्रशिक्षण, निर्णयाधिकारांची नवी वाटणी असा मोठा अदृश्य खर्च असतो. तो हिशेबवहीत मालमत्ता म्हणून नोंदला जात नाही. शेअर बाजार मात्र त्याची दखल घेतो. हिट आणि शिनक्यू यांग यांच्यासह २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात संगणक-भांडवलाच्या प्रत्येक डॉलरमागे कंपनीचे बाजारमूल्य दहा डॉलरांहून अधिक असल्याचे आढळले होते. विजेच्या मोटारी आल्यावरही कारखान्यांची मांडणी बदलेपर्यंत दशके गेली, हे पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दाखवून दिले होते. ब्रिन्योल्फसन यांनी ऐतिहासिक उदाहरणातील या तत्त्वाला कंपन्यांच्या आकडेवारीचे अधिष्ठान दिले. हे त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य आहे.

१९९५ ते २००४ या काळात अमेरिकेतील उत्पादकता पुन्हा वेगाने वाढली आणि कोडे सुटल्याचे समाधान अनेकांना लाभले. अँड्र्यू मॅकॅफी यांच्यासह लिहिलेले 'द सेकंड मशीन एज' (२०१४) हे पुस्तक त्याच आत्मविश्वासाचे अपत्य आहे. बुद्धिबळाचा शोध लावणारा पाटलिपुत्राच्या राजाकडे पटाच्या घरागणिक दुपटीने तांदूळ मागतो, ही भारतीय वाचकाला सुपरिचित असलेली कथा या पुस्तकात मध्यवर्ती आहे. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र दखल १९५८ मध्ये घेतली गेली. तेथून दर दीड वर्षाला एक याप्रमाणे बत्तीस दुपटी मोजल्या की २००६ साल येते. म्हणजे त्या वर्षी मानवजात पटाच्या उत्तरार्धात शिरली, असे लेखकद्वय सांगते.

नेमकी येथेच रूपकाची गोची होते. उत्पादकतेची वाढ २००५ च्या सुमारास पुन्हा मंदावली आणि पुढे दीड दशक मंदच राहिली. पटाच्या उत्तरार्धात तांदळाच्या राशी चढत होत्या. कोठारातील नोंद मात्र घटत्या वेगाने वाढत होती. दुपटीचा नियम सिलिकॉनच्या चकतीला लागू पडतो. कार्यालये, रुग्णालये, विद्यापीठे यांना तो लागू पडत नाही, हे अमूर्त भांडवलाचा सिद्धान्त मांडणाऱ्या अभ्यासकाला इतर कोणापेक्षाही अधिक ठाऊक असावयास हवे होते. त्यांच्या शास्त्रीय निबंधांतील संयम या लोकप्रिय ग्रंथात सैल झालेला दिसतो.

या नव्या मंदगतीला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे डॅनियल रॉक आणि चॅड सायव्हर्सन यांच्यासह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्पादकतेच्या 'जे' वक्राचा सिद्धान्त. नवे तंत्रज्ञान आल्यावर कंपन्या अदृश्य भांडवल उभारण्यात श्रम खर्ची घालतात, म्हणून सुरुवातीला उत्पादकता आहे त्याहून कमी दिसते. पुढे त्या भांडवलाची फळे मिळू लागली की ती आहे त्याहून अधिक दिसते. संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्याशी निगडित अमूर्त भांडवल हिशेबात घेतल्यास २०१७ अखेर एकूण घटक उत्पादकतेची पातळी अधिकृत आकड्यापेक्षा १५.९ टक्क्यांनी अधिक ठरते, असे त्यांचे गणित आहे. मोजमापाची चूक आणि विलंब ही पहिली दोन स्पष्टीकरणे येथे एकमेकांत मिसळली आहेत. गंमत अशी की, याच सायव्हर्सन यांनी २०१७ मध्ये मंदगतीचे खापर मोजमापावर फोडता येणार नाही, असे साधार दाखविले होते. मंदगती अनेक देशांत आली आणि तिची तीव्रता त्या त्या देशातील माहिती तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळत नव्हती, हा त्यांचा महत्त्वाचा मुद्दा होता. दोन्ही भूमिकांत तार्किक विसंगती आहेच असे नाही. पातळी आणि वृद्धिदर या भिन्न गोष्टी आहेत. परंतु लाभ दिसला तर सिद्धान्त खरा, आणि न दिसला तर तो अजून यावयाचा आहे, असे म्हणण्याची सोय ज्या सिद्धान्तात आहे, त्याला खोटे ठरविणार कसे, हा आक्षेप उरतोच.

ब्रिन्योल्फसन यांना या आक्षेपाची जाणीव असावी. तंत्रज्ञानाविषयी साशंक असलेल्या रॉबर्ट गॉर्डन यांच्याशी त्यांनी जाहीर पैज लावली आहे. २०२० च्या प्रारंभापासून २०२९ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील बिगरशेती खाजगी क्षेत्राची उत्पादकता वर्षाला सरासरी १.८ टक्क्यांहून अधिक वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले विधान तारखेला आणि आकड्याला बांधून घेण्याचा हा प्रामाणिकपणा अर्थशास्त्रात दुर्मीळ आहे.

फुकट वस्तूंचे मोल

मोजमापाच्या स्पष्टीकरणाची दुसरी शाखा उपभोक्त्याकडे जाते. नकाशे, ईमेल, शोधयंत्रे यांची किंमत शून्य असल्याने स्थूल देशांतर्गत उत्पादनात त्यांच्या उपयोगितेला स्थान मिळत नाही. मार्शलचे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य मोजणे, हाच यावरील उपाय. अविनाश कॉलिस आणि फेलिक्स एगर्स यांच्यासह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारण्यात आले की, अमुक सेवा सोडण्यासाठी तुम्ही किती पैसे घ्याल? २०१७ मध्ये वर्षभर शोधयंत्रे सोडण्यासाठीचा मध्यक १७,५३० डॉलर आला, ईमेलसाठी ८,४१४, तर नकाशांसाठी ३,६४८.

कल्पना नामी आहे. आकडे मात्र जपून वाचावे लागतात. त्या वर्षी अमेरिकन कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक सुमारे ६१ हजार डॉलर होता. म्हणजे केवळ शोधयंत्राचे मोल त्याच्या पावहिश्श्याहून अधिक ठरते. सोडण्यासाठी मागितलेली रक्कम ही देण्याची ऐपत दाखवीत नाही. ती त्या सेवेवरील अवलंबित्व दाखविते, आणि अवलंबित्व म्हणजे कल्याण नव्हे. लिओनार्डो बुर्श्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी हाच प्रश्न उलटा विचारला. एकट्याने खाते सोडण्यासाठी विद्यार्थी पैसे मागत होते. पण सर्वांचीच खाती एकदम बंद होणार असतील, तर त्यासाठी त्यांपैकी अनेक जण स्वतःच्या खिशातून पैसे देण्यास तयार होते. सगळे गेले म्हणून आपणही गेलो, असा हा सापळा आहे. ब्रिन्योल्फसन यांची मोजपट्टी एकेका व्यक्तीला वेगवेगळी विचारते, म्हणून तिला हा सापळा लाभ म्हणून दिसतो. नकाशे आणि ईमेल यांच्याबाबत हा दोष सौम्य आहे. समाजमाध्यमांबाबत तो मुळावरच येतो.

तिसरे स्पष्टीकरण

आता १९९३ च्या यादीतील तिसऱ्या स्पष्टीकरणाकडे वळावे लागेल. तेथे पुनर्वाटपाचा अर्थ एका कंपनीचा लाभ म्हणजे दुसरीचा तोटा, एवढाच मर्यादित होता. मालक आणि कामगार यांच्यातील वाटणीचा प्रश्न पुढील ग्रंथांत येतो खरा, पण शिक्षण, नवउद्योग आणि करसवलती यांनी निभावून नेण्याजोगा उपपरिणाम म्हणून येतो. २०२२ मधील 'ट्युरिंग ट्रॅप' या निबंधाने मात्र सूर बदलला. माणसाची नक्कल करणारी यंत्रे कामगाराची सौदाशक्ती हिरावून घेतात, माणसाला पूरक ठरणारी यंत्रे ती राखतात, आणि तंत्रज्ञ, उद्योजक व धोरणकर्ते या तिघांनाही नकलेकडेच झुकण्याचे प्रलोभन असते, असे त्यांनी येथे स्पष्ट म्हटले आहे. सत्ता हा शब्द त्यांच्या अर्थशास्त्रात प्रथमच इतक्या ठसठशीतपणे येतो.

इस्तंबूलमध्ये जन्मलेले आणि एमआयटीमध्येच दीर्घकाळ अध्यापन करणारे डॅरन असेमोग्लू हे दुसरे स्थलांतरित अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या लेखनात सत्तेचा प्रश्न आरंभापासूनच अग्रभागी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दहा वर्षांत एकूण घटक उत्पादकता फार तर ०.७ टक्क्याच्या आसपास वाढेल, असा त्यांचा २०२४ मधील अंदाज आहे. दोघांच्या जन्मभूमीत या फरकाचे कारण शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. फरक पद्धतीचा आहे. ब्रिन्योल्फसन कंपनीच्या आत डोकावतात, असेमोग्लू कंपनीभोवतीच्या संस्थांकडे पाहतात.

कंपनीच्या आत डोकावण्याची ही पद्धत सर्वाधिक फलदायी ठरली ती डॅनियल ली आणि लिंडसे रेमंड यांच्यासमवेत केलेल्या ग्राहक-साहाय्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात. ५,१७९ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या २०२३ च्या मसुद्यानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सूचना मिळू लागल्यावर तासाला सोडविलेल्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांबाबत ही वाढ ३४ टक्के होती. मुरलेल्यांना फारसा लाभ झाला नाही. कुशल कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून यंत्र शिकले आणि ते शहाणपण नवख्यांच्या हाती गेले, असा याचा अर्थ लेखकांनी लावला. यंत्र विषमता घटवू शकते, याचा हा पुरावा म्हणून जगभर उद्धृत झाला.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, भरत चंदर आणि रुयू चेन यांच्यासह त्यांनी वेतनपत्रकांच्या आधारे दुसरे चित्र मांडले. कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वाधिक झळ पोहोचणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला होता, तर त्याच व्यवसायांतील ज्येष्ठांचा टिकून होता. बदल वेतनात कमी आणि माणसांच्या संख्येत अधिक दिसत होता. म्हणजे ज्या नवख्याला यंत्राने हात दिला होता, त्यालाच दारात अडविले जात होते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. नोकरीत असलेला नवखा लवकर तयार होतो, म्हणूनच कमी नवखे पुरतात. परंतु पहिला अभ्यास कंपनीच्या भिंतीआड थांबला होता. एकूण रोजगार आणि वेतन यांवरील परिणाम तपासणे हा आपला उद्देश नसल्याचे लेखकांनी त्यातच नमूद केले होते. तो उद्धृत करणाऱ्यांनी मात्र हे वाक्य सहसा गाळले. आपल्या पूर्वीच्या निष्कर्षाला छेद देणारा पुरावा ब्रिन्योल्फसन यांनी स्वतःच पुढे आणला, ही बाब लक्षणीय आहे. कंपन्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत मार्गदर्शन करणाऱ्या वर्कहेलिक्स या उद्योगाचे ते सहसंस्थापक आहेत, हे ध्यानात घेता तर ती अधिकच लक्षणीय ठरते.

स्थलांतराचा प्रश्न येथे परत येतो. जगभरातील बुद्धिमान माणसांचे स्वागत करा, अशी शिफारस 'द सेकंड मशीन एज' मध्ये अमेरिकेला केलेली आहे. स्वतः स्थलांतरित असलेल्या अभ्यासकाने ती करावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु २०२३ च्या अभ्यासातील बहुसंख्य कर्मचारी फिलिपिन्समध्ये बसून अमेरिकन ग्राहकांच्या तक्रारी सोडवीत होते. ते सीमा ओलांडून कोठे गेले नाहीत. त्यांची बोलण्याची हातोटी, अवघड ग्राहकाला शांत करण्याची युक्ती, नेमका प्रश्न ओळखण्याची नजर एवढे मात्र सीमा ओलांडून यंत्रात जमा झाले. पुण्या-मुंबईत हेच काम करणाऱ्या तरुणांनाही हा प्रश्न परका नाही. ज्यांच्या उत्तम संभाषणांवर यंत्र घडले, त्या कुशल कर्मचाऱ्यांना उत्पादकतेत वाढ मिळाली नाही, आणि त्यांच्या कामाच्या दर्जात किंचित घटही नोंदली गेली. या योगदानाचा त्यांना मोबदला मिळावा काय, हा प्रश्न लेखकांनी उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर मोजण्याची पद्धत मात्र सुचविलेली नाही. अमूर्त भांडवल कंपनीच्या हिशेबवहीत नोंदले जात नाही, ही ब्रिन्योल्फसन यांची जुनी तक्रार आहे. ते उभारणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरही ते जमा होत नाही, आणि नोंदीच्या या दुसऱ्या त्रुटीवर त्यांनी अद्याप एकही मोजपट्टी तयार केलेली नाही.