कालव्यातली लाट आणि क्षेत्रातली मुरड

सॉलिटॉनवरचा लोकप्रिय लेख बहुधा घोड्यावरून सुरू होतो. १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात स्कॉट रसेलला फूट-दीड फूट उंचीची एकच लाट दिसली आणि मैल-दोन मैल घोड्यावरून त्याने तिचा पाठलाग केला. प्रसंग झकास आहे. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या वाक्याला. ‘अशाच लाटा मूलकणांच्या क्षेत्रसिद्धांतांतही आढळतात,’ असे म्हणून लेखक मोकळा होतो. आम्हीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मग त्या क्षेत्रात पाण्याच्या जागी काय?” आम्ही वेळ मारून नेली.

कालव्यातली लाट टिकते ती दोन विरुद्ध प्रवृत्ती तुल्यबळ ठरल्यामुळे. वेगवेगळ्या तरंगलांबीचे घटक वेगवेगळ्या वेगाने जातात, त्यामुळे लाट पसरू पाहते. उलट तिचा उंच भाग जलद सरकतो, त्यामुळे ती उभी चढू पाहते. मात्र लाटेच्या पुढे आणि मागे पाण्याची पातळी एकच असते.

सममिती उत्स्फूर्तपणे भंगते तिथली गोष्ट वेगळी. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबा. डावे-उजवे सारखेच, तरी तिला एक बाजू घ्यावीच लागते. आता अशा असंख्य पट्ट्या ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येक शेजारणीला रबराने जोडलेली आहे अशी कल्पना करा. ओळीच्या एका टोकाकडच्या साऱ्या डावीकडे वाकलेल्या, दुसऱ्या टोकाकडच्या उजवीकडे. मग मध्ये कुठेतरी काहींना जवळजवळ सरळ उभे राहणे भाग आहे, आणि ती स्थिती ऊर्जेच्या दृष्टीने महाग. हा मधला भाग रुंद केला तर अवघडलेल्या पट्ट्या वाढतात, अरुंद केला तर रबर फार ताणले जाते. या ओढाताणीतून मुरडीची रुंदी ठरते. मुरड सरकवता येते, पण पुसायची तर एका बाजूची अख्खी ओळ उलटवावी लागेल. ओळ अनंत असेल तर त्याला ऊर्जाही अनंत लागेल. शिवाय ही मुरड जागच्या जागी स्वस्थ राहू शकते. रसेलच्या लाटेला ती सवलत नाही.

नावाचाही घोटाळा आहे. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले ते एकमेकींतून पार होऊन मूळ रूपात बाहेर पडणाऱ्या लाटांना. आमची मुरड या परीक्षेत नापास होते. मुरड आणि प्रतिमुरड यांची टक्कर प्रकाशवेगाच्या सुमारे २६ टक्क्यांहून कमी वेगाने झाली, तर काही चिंचोळे वेगपट्टे सोडता त्या एकमेकींत अडकतात आणि थरथरत ऊर्जा बाहेर टाकत राहतात. जास्त वेगाने आपटल्या तर परत फिरतात, पण काही ऊर्जा गमावूनच.

आर. राजारामन यांच्या १९८२ च्या ‘सॉलिटॉन्स अँड इन्स्टंटॉन्स’ या ग्रंथात एकाकी लाट आणि सॉलिटॉन यांतला हा भेद आरंभीच स्पष्ट केलेला आहे. ग्रंथाचे गणित शाळेच्या आवाक्यातले नाही हे खरे. पण हा भेद कळायला गणित लागत नाही. लोकप्रिय लेखनात नेमका तोच गाळला जातो, ही आमची तक्रार.

घोड्याची गोष्ट आम्ही यापुढेही सांगू. ती संपली की खिशातून पट्टी काढू, आणि त्या मुलीचा प्रश्न स्वतःच फळ्यावर लिहू.